भिंतीवरचं बटण
माझ्या मर्जीनं लग्न केल्यापासून बाबांनी मला उंबरा ओलांडू दिला नव्हता. आज बोलावलं, तेही आईकरवी, कारण अपडेटनंतर त्यांचा कॉम्प्युटर रुसला होता. तो जुन्या तारखेवर न्यायला गेलं, की रिस्टोर अर्ध्यावर बंद पडायचं. दुकानातल्या मेकॅनिकनंही हात टेकले होते. मी आतल्या नोंदी तपासल्या. बिघाड कसलाच नव्हता. "दर वेळी वीजच गेलीय," मी मोठ्यानं म्हणाले. रिस्टोर पुन्हा लावलं. पट्टी अर्ध्यावर आली आणि आईचा हात भिंतीवरच्या बटणाकडे सरकला. "आई!" "हळू! मेकॅनिकनं दुरुस्त केला असता, तर तुला कोणी बोलावलं असतं?" मला धड रागावताही येईना. तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून बाबांचा आवाज आला, तोही आईलाच: "तिला म्हणावं, राहू दे, नीघ आता. उद्या लॅपटॉपच आणतो. वीज गेली तरी चालतो तो." आईचं बोट बटणावरच राहिलं.