अचूक वाक्य

बाबा कपड्यांच्या दोरीवर चिमट्यांनी पुठ्ठ्याचे तुकडे लावत होते. माझ्या तुर्की शिकवणीसाठी औषधांची खोकी कापून त्यांनी शब्द लिहिले होते. ‘गेल’ म्हणजे ये. पुढे ‘मे’ हा प्रत्यय अडकवला की येऊ नकोस. माझ्याबरोबर तेही सगळं पाठ करत.

ऑनलाइन वर्गात त्या दिवशी नकाराची वाक्यं होती. माझ्यामागे भोकं पडलेल्या बनियनमध्ये बाबा दिसले आणि बाईंनी तुर्कीत विचारलं, "हे तुझे बाबा का?" कुणीतरी हसलं.

"बाबाम देयिल," मी म्हणाले. म्हणजे, हे माझे बाबा नाहीत.

"शाब्बास!" बाई म्हणाल्या.

बाबा हळूच आत गेले. संध्याकाळी माझ्यापुढे चहा ठेवत म्हणाले, "वाक्य अगदी अचूक जमलं हो, चिमणे." मी कपातच बघत राहिले. पहाटे ते झोपेतच गेले.

पंधरा दिवसांनी मी पुन्हा वर्गात बसले. मागे दोरी तशीच होती.

"आज ते गृहस्थ दिसत नाहीत?" बाईंनी विचारलं.

मी माइक सुरू केला. "ते माझे बाबा होते. मला त्यांची लाज वाटली होती. आणि माझं वाक्य त्यांना समजलं होतं."