नेमाचं गिऱ्हाईक

घरात बोलायला कुणी उरलं नाही, तेव्हा डेल्बर्टने आपल्या अडुसष्ट सालच्या शेवरलेच्या काचेवर 'विकणे आहे' अशी पाटी लावली. ओहायोतले जुन्या गाड्यांचे शौकीन दर शनिवारी डोनटच्या दुकानासमोर जमत. पाटी दिसली की माणसं थांबत, बॉनेट उघडायला लावत, डेल्बर्टने स्वतः बसवलेलं दांडगं इंजिन न्याहाळत आणि किंमत ऐकून हसत पुढे जात. किंमत त्यासाठीच तेवढी ठेवलेली होती. नेमाने परत येई ती एकटी नदीन. दर वेळी ती नवा प्रश्न आणी आणि डेल्बर्टला तो आठवडाभर पुरे.

एका शनिवारी शिकागोचा एक गृहस्थ किंमत ऐकून हसलाच नाही.

"घासाघीस नको. ठरलं, किल्ली द्या."

डेल्बर्टच्या तोंडचं पाणी पळालं. मागितलेली किंमत मिळाल्यावर शब्द फिरवणाऱ्याच्या गाडीपाशी तिथे पुन्हा कुणी थांबत नसे.

"उशीर केलात, साहेब," मागून नदीन म्हणाली. "मी कालच विसार दिलाय."

गृहस्थ हळहळत निघून गेला.

"तुम्ही खरंच घेताय?" डेल्बर्टने धसकून विचारलं.

"मी? मला गाडी चालवता येत नाही हो."

"मग वर्षभर ते इंजिन, तो गिअरबॉक्स..."

"तुम्हाला तरी कुठे विकायचीय? माझे प्रश्न आता संपले, डेल्बर्ट. पुढच्या शनिवारी तुम्हीच काहीतरी विचारा."