एकाच पणतीचा दृष्टांत

मुलगी काय काम करते असं झाशीत कुणी विचारलं, की कीर्तनकार अनंतरावबुवा म्हणत, "कंप्यूटर पे कुछ करती है भैया," आणि विषय बदलत. मनस्वीला ते फार लागायचं.

त्या दिवशी ती कंप्यूटरवर देवळाचं चित्र करत होती. पायरीपायरीवर पणत्या लावलेल्या. बुवा मागून म्हणाले, "ज्योत जरा मोठी हवी." तिनं एका पणतीची ज्योत वाढवली, तशा साऱ्या देवळातल्या ज्योती वाढल्या.

"बाकीच्या कधी केल्यास गं?"

"बाकी हैं ही नहीं, बाबा. पणती मी एकच काढली. तीच सगळीकडे दिसते."

बुवा खुर्ची ओढून बसले. "पुन्हा करून दाखव."

पुढच्या कीर्तनात गणपतीच्या देवळात बुवांनी निरूपणाला घेतलं, एकच देव सगळ्या जिवांत कसा नांदतो ते. त्यात पणतीची गोष्ट अशी रंगवली, की मराठी न समजणारे दतिया गेटचे मिठाईवालेसुद्धा "वाह पंडितजी" म्हणून गेले. पूर्वरंग संपला. रिवाजाप्रमाणे बुवांना घालायला देवळाचे विश्वस्त केशवराव हार घेऊन पुढे आले. बुवांनी मान मागे घेतली.

"थांबा केशवराव, दृष्टांत माझा नाही. त्या खांबाशी बसलीय ना, ती माझी लेक. कंप्यूटरवर चित्रं करते. हार आधी तिला घाला, मग मी पुढे गातो."