माकडाच्या पिल्लाचा दाखला

बकुळाच्या दंडावर महारोगाचा चट्टा उमटला, तेव्हा तिच्या नवऱ्याने, गोविंदरावांनी, तान्हा मुलगा घरी ठेवून घेतला आणि तिला बोर्डीच्या चिकूवाडीतल्या खोपीत धाडले. गोळ्यांनी ती पूर्ण बरी झाल्यावर डॉक्टर खोपीच्या दारात तिच्यादेखतच त्यांना समजावू लागले, "गोविंदराव, पोर नुसत्या दुधावर जगत नाही. अमेरिकेत माकडाच्या पिल्लाला दोन खोट्या आया दिल्या. दूध पाजणारी तारेची, अन् नुसतीच मऊ ती कापडाची. पिल्लू कापडाच्या आईलाच बिलगलं!"

गोविंदरावांनी विज्ञानापुढे मनोभावे मान तुकवली. डॉक्टर निघून गेले, तशी बकुळाने घरी जायच्या घाईने बोचके उचलले.



"ते ठेव खाली," गोविंदराव दुरूनच म्हणाले, "पाळण्यात घालायला त्यातलं एक लुगडं तेवढं उकळून दे."