मेरीचं तोंड

बहात्तरच्या दुष्काळात खर्ड्याच्या सडकेवर खडी फोडताना किरिस्ताव म्हणून इसहाकजवळ कुणी बसत नसे. जेवणाच्या सुट्टीत तो एकटाच एका दगडावर मेलेल्या बायकोचं, मेरीचं तोंड कोरायचा.

“सरकार खडीचं पैसं देतं, तोंडाचं न्हाई,” मुकादम खेकसायचा. बाया फिदीफिदी हसायच्या.

एका सकाळी तो दगड लिंबाखाली दिसला, शेंदूर फासलेला. पुढं त्या हसणाऱ्या बायांतलीच छबूबाई हात जोडून उभी.

“ही माझी मेरी हाय,” इसहाक म्हणाला. “म्या घडवली.”

“मागं सर!” छबूबाई ओरडली. “देवी सपनात आली माझ्या. शिवू नको तिला.”

तापात पाणी मागायला आलेल्या मेरीला जिनं विहिरीवरनं हाकललं होतं, त्याच छबूबाईनं मग आपल्या हंड्यातलं तांब्याभर पाणी मेरीच्या तोंडावर ओतलं.