साठ कुलपं

"काका, तुमचं काम छंदात गेलंय," टेबलापलीकडची अधिकारी बाई म्हणाली.

"छंदात म्हणजे?" चावीवाल्याने विचारलं.

"म्हणजे व्यवसायात नाही."

ती नाक जवळजवळ स्क्रीनला टेकवून वाचत होती. तिचा चष्मा टेबलाच्या ड्रॉवरमध्ये होता, आणि ड्रॉवरची किल्ली गेल्या आठवड्यात कार्यालयातल्या हलवाहलवीत हरवली होती. नव्या सुधारणेप्रमाणे महिन्याला एकशेवीस तास काम करणारा माणूस व्यावसायिक. त्याहून कमी करणारा हौशी. आणि हौशी माणसाला सरकारने घरभाड्याची मदत करण्याचं काही कारण नव्हतं. हौस ज्याची त्याने स्वतःच्या खर्चाने करायची असते.

"तुम्हीच भरून दिलंय. महिन्याला साठ कुलपं, प्रत्येकी चार मिनिटं. चार तास झाले, काका. पहिल्या तारखेपासून मदत बंद."

"अहो, सकाळी नऊपासून संध्याकाळी सातपर्यंत टपरीत बसलेला असतो मी!"

"बसणं धरत नाहीत."

"मग लोकांची कुलपं काय माझ्या सोयीने अडकणार? आणि बसता तर तुम्हीही."

"मी नेमणुकीवर बसते," बाई म्हणाली. तिच्या आवाजात चेष्टा नव्हती. तिला तसंच शिकवलेलं होतं.

शेजारच्या खुर्चीत बसलेल्या त्याच्या बायकोने पर्स या मांडीवरून त्या मांडीवर घेतली. "चार मिनिटं लिहायला कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"चारच लागतात."

"लागू देत. लिहायची कशाला? मेडल देणार होते?"

"मग काय चाळीस लिहू? एका कुलपाला? बाजारात तोंड दाखवायला जागा राहील का?"

"बाजारातली राहील. राहायला नाही राहायची."

चावीवाल्याने खिशातली कार्डं चाचपली. त्याच्या कार्डावरसुद्धा चार मिनिटं छापलेली होती: 'कुठलंही कुलूप, चार मिनिटांत.' रांगेत मागे बसलेल्या रखवालदाराने तासाभरापूर्वी त्यातलंच एक कार्ड मागून घेतलं होतं. तो ज्या वसतिगृहावर होता तिथल्या चौदा खोल्यांची कुलपं बदलायची होती, आणि त्याला हाताचा चलाख माणूस हवा होता.

"हरकत घेता येते," बाई म्हणाली. "आज शेवटचा दिवस आहे. प्रत्यक्ष पाहणी म्हणून एक फॉर्म आलाय. माझ्यासमोर एक काम करायचं. त्याला जेवढा वेळ लागेल तो गुणिले साठ." मग तिने खाली बोट दाखवलं. "हा ड्रॉवर चालेल. माझंही काम होईल. अकरा वाजलेत. लिहू?"

बायकोने ओठ हलवत हिशोब केला आणि नवऱ्याच्या कानाशी वाकली. "दोन तास."

"काय दोन तास?"

"एका कुलपाला दोन तास लागले तर महिन्याचे एकशेवीस होतात."

चावीवाल्याने ड्रॉवरच्या कुलपाकडे पाहिलं. "याला? अगं, याच्याकडे रागाने बघितलं तरी उघडेल हे."

"मग प्रेमाने बघा," बायको म्हणाली.

तो टेबलामागे जाऊन उकिडवा बसला. पिशवीतली जाड तार काढली, परत ठेवली, बारीक काढली. ती हातरुमालाने पुसली. रुमालाची घडी घातली. पण हात पस्तीस वर्षं एकच काम करत आलेले होते. तार भोकात गेली आणि त्याने काही ठरवायच्या आत आतून खट्ट झालं.

त्याच क्षणी बायकोला जोराचा खोकला आला.

"पाणी हवंय का मावशी?" बाईने विचारलं.

"नको. होतं असं मला."

ड्रॉवर केसभर पुढे आला होता. चावीवाल्याने अंगठा लावून तो आत दाबला आणि तसाच दाबून धरला. दुसऱ्या हाताने तो उघड्या कुलपात तार फिरवत राहिला. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून दोन मिनिटं झाली होती.

सव्वाअकराला रांगेतून कुणीतरी उसासा टाकला. अकरा वीसला एक आजोबा म्हणाले, "स्क्रू ड्रायव्हर घालून फोडा ना सरळ!" साडेअकराला बाईने डोळे बारीक करून खाली पाहिलं. तिला बहुधा एक टक्कल आणि दोन कोपरं दिसली.

"फारच अवघड आहे का हो, काका?"

चावीवाल्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्याने बायकोकडे पाहिलं. बायको घड्याळाकडे पाहत होती.

"हो," तो म्हणाला. आणि मग, आयुष्यात पहिल्यांदाच, "जमत नाहीये."

बाईने ते फॉर्ममध्ये लिहून घेतलं.

मागची खुर्ची करकरली. रखवालदार उठून टेबलापाशी आला. खिशातलं कार्ड काढून त्याने ते बाईच्या कोपराशेजारी ठेवलं, अगदी अलगद, पण छापील बाजू वर.

"राग मानू नका हं," तो खाली वाकून चावीवाल्याला म्हणाला. "आमची चौदा आहेत. दुसरा कुणी बघतो."

चावीवाला वर पाहू शकला नाही. अंगठा बधिर होत चालला होता आणि तो हलवून चालणार नव्हतं.

बायकोने हात लांब करून पर्स हळूच कार्डावर ठेवली. घड्याळात पावणेबारा वाजले होते.