चहाचा पेला

भट्टीच्या पडक्या भिंतीशी फांग थांबला, तेव्हा मेईयुनने थर्मासमधला चहा चिनीमातीच्या पेल्यात ओतून त्याच्यापुढे धरला.

"भिंतीवर ठेव पोरी, घेतो," तो म्हणाला. बादशहाची भट्टी केवढी होती ते तो दोन्ही हात पसरून दाखवत होता.

चिनीमातीच्या भांड्यांचं हे जिंगदेझेन शहर दाखवायला तिने त्याला सकाळीच वाटाड्या म्हणून सोबत घेतलं होतं. माणूस गप्पिष्ट आणि हसरा. डागी भांडी इथे जागच्या जागी फोडून पुरत, हे त्याने असं रंगवून सांगितलं की आपण कशाला आलोय ते ती घटकाभर विसरूनच गेली.

ती आली होती वाडग्यासाठी. डोंगरापलीकडच्या तिच्या घरी एक गोडबोल्या पाहुणा येऊन गेला. पूर्वजांना ज्यात भात वाढत तो निळ्या माशांचा जुना वाडगा त्याने बघायला मागितला आणि हुबेहूब तसाच, इथल्याच बनावटीचा नकली ठेवून गेला. दुसऱ्या वाडग्यात भात वाढणार नाही, म्हणून आजी हटून बसली होती. पूर्वजांना जेवू घालायचा छिंगमिंगचा सण तर तोंडावर आलेला.

जुन्या बाजारात तिने पहिल्याच दुकानदारासमोर तो नकली वाडगा धरला. त्याने हात मागे घेतले. "टेबलावर ठेवा, बाई."

तिने त्याचं तोंड निरखून पाहिलं. पण पुढच्या दुकानदारानेही तेच केलं, आणि त्याच्या पुढच्यानेही. शेवटी तिने एका म्हाताऱ्या विक्रेतीला कारण विचारलं.

"देता-घेता फुटलं तर कोणी फोडलं म्हणायचं?" म्हातारी हसली. "इथे भांडं कुणी कुणाच्या हातून घेत नाही. सवयच आमची."

मेईयुन पायरीवर बसली. आता लपवण्यात अर्थ नव्हता. तिने फांगला सगळं सांगून टाकलं. तेव्हा घरी एकटी आजीच, तिला मोतीबिंदू, चोराचं तोंड काही दिसलं नाही. पण त्याने चहाचा पेला हातून घेतला नाही, खाली ठेवायला लावला, हे तिला लागलं होतं. तेवढीच काय ती खूण.

फांग हसला. "म्हणजे अख्खं गावच चोर! अगं, असला माल इथे राहतोय थोडाच? केव्हाच शांघायला गेला असेल. तू आपली घरी जा."

तरी ती हट्टाने उरलेली दुकानं फिरली. तोही बिचारा सोबत फिरला. वाडगा कुठेच नव्हता.

संध्याकाळी तो तिला बसपर्यंत पोचवायला आला. त्याचे उपकार तिला जड वाटत होते. थर्मासमध्ये घोटभर चहा उरला होता, तो तिने पेल्यात ओतला आणि दिवसभरात लागलेल्या सवयीने ठेवायला बाकावर जागा शोधू लागली.

"ठेवतेस कशाला? आण इकडे," फांग म्हणाला आणि त्याने पेला तिच्या हातातून अलगद घेतला.

सकाळी, ती खूण ऐकण्याआधी, त्यानेही पेला भिंतीवरच ठेवायला लावला होता. दिवसभरात तिच्या हातून भांडं घेणारा अख्ख्या शहरात तो एकटाच होता.